पिंपं कोणी भरली? उत्तरेकडच्या बंदरांची गोष्ट



आज आपण एका लांबच्या जलप्रवासाला निघायचं आहे. तिकीट लागणार नाही, पेटी भरायची नाही. भाकरी थापता थापता किंवा शेंगा निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल.

जायचं आहे युरोप खंडाच्या उत्तर टोकाकडे. जर्मनी, नॉर्वे, स्कॉटलंडच्याही वरची शेटलंड बेटं आणि शेवटी आइसलंड. तिकडे उन्हाळा सुरू झाला की मोठमोठ्या प्रवासी बोटी निघतात. एकेक बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारी दहा-पंधरा मजली इमारत. आत जेवणघरं, नाटकघर, दुकानं, पोहण्याचा तलाव, सगळं असतं. दोन-तीन आठवडे ही बोट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाते. सकाळी बंदर येतं, लोक उतरतात, जुनं शहर पाहतात आणि संध्याकाळी परत बोटीवर येतात. जूनमध्ये तिथे रात्र अशी फारशी होतच नाही. अगदी वरच्या भागात तर मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही.

या बोटींशी आपलंही नातं आहे. त्यांवर खोल्या आवरणारे, स्वयंपाक करणारे, वाढणारे कितीतरी हात गोव्याचे असतात. गोव्याच्या माणसांची बोटीवरची नोकरी फार जुनी. इंग्रजांच्या काळापासून गोव्याचे स्वयंपाकी आणि वाढपी आगबोटींवर जात आले आहेत. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या ‘कूड’ होत्या, म्हणजे गावाने आपल्या खलाशांसाठी ठेवलेली राहण्याची जागा. एक बोट सुटली की दुसरी मिळेपर्यंत माणूस तिथे राहायचा. इकडे घर, शेत, पोरं आणि म्हातारी माणसं बाईच्या अंगावर. हे चित्र लक्षात ठेवा. उत्तरेच्या समुद्रावरही आपल्याला हेच चित्र दिसणार आहे.

बोटीवरचा माहितगार प्रवाशांना व्यापाऱ्यांचे वाडे दाखवतो, चर्च दाखवतो, राजांची नावं सांगतो. आपण मात्र प्रत्येक बंदरात तीन प्रश्न विचारायचे. इथला माल कोणाच्या हातांनी तयार झाला? तो मोजला कोणी? आणि त्याचा भाव ठरवला कोणी?

पहिलं बंदर : ल्यूबेक

जर्मनीच्या उत्तरेला बाल्टिक समुद्र आहे. त्या किनाऱ्याजवळ ल्यूबेक हे शहर आहे. ११४३ साली ते वसलं आणि पुढची तीन-चारशे वर्षं उत्तरेच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं. त्या काळी तिकडच्या शेकडो शहरांतल्या व्यापाऱ्यांनी मिळून एक संघ केला होता. त्याचं नाव हान्झा. या संघाची स्वतःची जहाजं, स्वतःचे कायदे आणि परदेशात स्वतःच्या वखारी होत्या. संघाचं म्हणणं राजांनाही ऐकावं लागे. ल्यूबेकला या संघाची राणी म्हणत.

ही श्रीमंती आली कुठून? मीठ आणि मासा यांतून.

ल्यूबेकच्या दक्षिणेला ल्यूनेबर्ग गावात जमिनीखाली खारं पाणी होतं. ते उकळून मीठ करत. गाड्यांवरून, आणि १३९८ नंतर कालव्यातून, हे मीठ ल्यूबेकला येई. तिथून जहाजाने समुद्रापलीकडे, आज ज्याला स्वीडन म्हणतात त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर जाई. तिथे दर वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर हेरिंग नावाच्या माशाचे थवेच्या थवे येत. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा. तेलकट असतो, त्यामुळे लगेच खराब होतो. पकडल्यावर ताबडतोब पोट साफ करून मिठात घातला नाही तर मातीमोल.

त्या काळी ख्रिस्ती लोकांना उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य असे, मासा चाले. असे दिवस वर्षात कितीतरी. त्यामुळे खारवलेल्या हेरिंगची पिंपं अर्ध्या युरोपात खपत. किनाऱ्यावर दोन-तीन महिने जत्रेसारखी गर्दी लोटे आणि त्या गर्दीत मासा साफ करून खारवायचं काम बायकांकडे असे. मीठ व्यापाऱ्याचं, पिंप व्यापाऱ्याचं, जहाज व्यापाऱ्याचं. हात तेवढे बायकांचे.

आज ल्यूबेकमध्ये पर्यटक होल्स्टनटोर नावाच्या जाडजूड वेशीचे फोटो काढतात. ती १४७८ साली बांधून झाली. वेशीशेजारी नदीकाठी मिठाची जुनी कोठारं अजून उभी आहेत. श्रीमंत व्यापाऱ्यांना तिकडे चेष्टेने ‘मिरीची पोती’ म्हणत, कारण मिरी सोन्यासारखी महाग होती. ती मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून अरबांच्या आणि इटलीच्या व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत फिरत तिथे पोचायची. मलबारात ती वेलावरून कोणी खुडली, हे तिथल्या वहीत लिहिलेलं नसायचं.

दुसरं बंदर : बर्गन

ल्यूबेकहून बोट नॉर्वेला येते. बर्गन हे डोंगरांच्या कुशीतलं बंदर, पाऊस आपल्या कोकणासारखा. धक्क्यावर लाकडी घरांची रांग आहे. तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांची, उतरत्या छपरांची. या भागाला ब्रिगन म्हणतात. १९७९ पासून तो जागतिक वारसा आहे.

इथे सुमारे १३६० साली हान्झाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी वखार उघडली. आत सगळा पुरुषांचा संसार. मालक, कारकून, शिकाऊ पोरं. वखारीत राहणाऱ्याने लग्न करायचं नाही, असा नियम. गावातल्या बाईशी लग्न केलं तर व्यापाराचं गुपित बाहेर जाईल, वारसा वाटला जाईल, ही भीती. लाकडी घरांना आग लागेल म्हणून त्यांत चूलही पेटवायची नाही. कडाक्याच्या थंडीत पोरं बिनआगीच्या खोल्यांत झोपत आणि जेवायला, ऊब घ्यायला मागच्या वेगळ्या घरात जात.

इथला माल म्हणजे सुका कॉड मासा. तो यायचा आणखी उत्तरेहून, लोफोतेन बेटांवरून. तिथे हिवाळ्याच्या शेवटी कॉड अंडी घालायला किनाऱ्याजवळ येतो. मासे जोडीजोडीने शेपटीला बांधून मोठ्या लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंतचा थंड, कोरडा वारा त्याला वाळवतो. आपल्याकडे बोंबील बांबूच्या मांडवावर उन्हात वाळतात, तिथे कॉड गारठ्यात वाळतो. वाळून लाकडासारखा कडक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

उत्तरेत धान्य पिकत नाही. बर्गनचा व्यापारी कोळ्याला पीठ, दोर, गळ उधारीवर द्यायचा. कोळी वर्षभराचा मासा आणून त्याला घालायचा. हिशोब व्यापाऱ्याच्या वहीत. धान्याचा भावही त्याचा, माशाचा भावही त्याचा. वर्ष संपलं तरी कर्ज संपायचं नाही. आणि कर्ज फिटल्याशिवाय दुसऱ्या व्यापाऱ्याला मासा विकायचा नाही, असा नियम होता. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर यायचं. जर्मन व्यापारी १७५४ मध्ये गेले, पण त्यांच्या जागी आलेल्या नॉर्वेच्या व्यापाऱ्यांनी वही तशीच पुढे चालवली.

पुरुष जानेवारीपासून एप्रिलपर्यंत लोफोतेनला मासेमारीला गेले की उत्तरेकडच्या घरी सगळं बाई बघायची. गाईगुरं, चारा, जळण, आजारी माणसं, पोरं. कोणी परत आलंच नाही तरी संसार थांबत नसे. व्यापाऱ्याच्या वहीत नाव मात्र पुरुषाचं.

१९५५ मध्ये ब्रिगनला मोठी आग लागली. जळलेल्या जागी खोदकाम झालं, तेव्हा जमिनीखाली शेकडो लाकडी काड्या सापडल्या. त्यांवर जुन्या लिपीत चाकूने अक्षरं कोरलेली होती. बऱ्याच काड्या म्हणजे मालाला बांधायच्या चिठ्ठ्या : हे गाठोडं अमक्याचं, ते तमक्याचं. एका काडीवर मात्र एका बाईचा निरोप आहे. तिचं नाव ग्यूदा. आता घरी चल, असं ती कोणाला तरी सांगते आहे. काही शतकं उलटली, व्यापाऱ्यांच्या वखारी बुडाल्या, पण ग्यूदाचा निरोप टिकला. ज्या धक्क्यावर पुढे वखारीतल्या माणसांना बायको करायला बंदी आली, त्याच धक्क्याखाली तो सापडला.

उत्तरेचा किनारा आणि टपालाची बोट

बर्गनहून वर जाणारा किनारा खाड्यांनी फाटलेला आहे. एका गरम सागरी प्रवाहामुळे इतक्या उत्तरेलाही हा समुद्र हिवाळ्यात गोठत नाही. तरी पूर्वी खडकांच्या भीतीने अंधारात बोटी चालत नसत आणि हिवाळ्यात पत्र पोचायला महिने लागत. रिशार्ड विथ नावाच्या कप्तानाने अंधारातल्या वाटेच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १८९३ च्या जुलैमध्ये ट्रॉनहाइम ते हामरफेस्ट अशी ठरल्या वेळेची आगबोट सुरू केली. आज हजारो पर्यटक याच मार्गावरून मौजेने जातात. मुळात ती होती लाल डब्यासारखी एसटी : टपाल, औषधं, पीठ, बाळंतपणाला निघालेली बाई, सगळ्यांना घेऊन जाणारी.

याच वाटेवर ट्रॉम्सो हे शहर लागतं. तिथे १९३८ साली कोळ्यांनी आपला विक्री संघ उभा केला. सरकारने कायद्याने त्याला हक्क दिला की कोळ्याकडून मासा घेताना किमान भाव किती, हे संघ ठरवील आणि त्याखाली कोणी खरेदी करायची नाही. मध्ये शेकडो वर्षं गेली, पण वही व्यापाऱ्याच्या हातातून सुटली. तो संघ आजही काम करतो.

तिसरं बंदर : लेर्विक

आता बोट पश्चिमेला वळते. स्कॉटलंड आणि नॉर्वे यांच्या मधोमध शेटलंड बेटं आहेत. झाड जवळजवळ नाही, वारा सतत. या बेटांची एक गोष्ट ऐका. ती पूर्वी डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाची होती. त्याची मुलगी मार्गारेट हिचं लग्न स्कॉटलंडच्या राजाशी ठरलं. हुंड्याचा आकडा मोठा, राजाच्या खजिन्यात तेवढे पैसे नाहीत. मग त्याने १४६९ मध्ये शेटलंड बेटं गहाण टाकली, ८,००० सोन्याच्या नाण्यांपायी. ती कधीच सुटली नाहीत. हुंड्यापायी राजाचीही जमीन गेली, तर आपली काय कथा!

लेर्विक हे इथलं बंदर. पर्यटक इथे लोकरीचे स्वेटर आणि शाली घेतात. इथली सगळ्यात तलम शाल अंगठीतून आरपार ओढता येते. ही कला बायकांची. जुन्या फोटोंत बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालताना दिसतात आणि त्याच वेळी हातात विणकाम चालू असतं. दलदलीतली माती कापून, वाळवून ते जळण करत. कमरेच्या पट्ट्याला एक चामड्याची गादी असायची, तिच्यात सुईचं टोक खोचायचं. म्हणजे चालता चालता विणता येतं. एक मिनिटही वाया घालवायचा नाही.

इतकी मेहनत करून हातात काय पडायचं? रोख पैसा नाहीच. दुकानदार शाल घ्यायचा आणि बदल्यात चहा, साखर, कापड द्यायचा. तेही त्याच्याच दुकानातलं, त्याच्याच भावाने. घरात पीठ नाही, आणि पदरात चहाची पुडी. मग बाई ती पुडी घेऊन दारोदार फिरायची आणि कोणी तिच्या बदल्यात पीठ किंवा बटाटे देतं का ते बघायची. भाडं भरायला, डॉक्टरला द्यायला पैसा नाहीच.

मजुरी वस्तूत देऊ नये असा कायदा ब्रिटनमध्ये १८३१ पासून होता. पण घरी विणणाऱ्या बायकांना तो लागू नव्हता. त्या मजूर नाहीत, आपला माल विकतात, असं म्हटलं जायचं. १८७२ मध्ये सरकारचा चौकशी आयोग लेर्विकला आला. आणि मैत्रिणींनो, या बायका आयोगापुढे उभ्या राहिल्या. ज्या दुकानदाराकडे उद्या शाल घेऊन जायचं आहे, त्याच्या गावात उभं राहून त्यांनी सांगितलं, इतके दिवस विणलं, असं मिळालं, रोख मागितले तर दिले नाहीत. त्यांचे जबाब शब्दशः लिहून छापले गेले. आज शेटलंडचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या जबाबांशिवाय पुढे जाता येत नाही. पुढे १८८७ च्या कायद्यात घरी विणलेल्या मालाचाही समावेश झाला. कायदा झाला म्हणून दुकानदार एका रात्रीत बदलले नाहीत. वस्तूंचा व्यवहार नंतरही बरीच वर्षं रेंगाळला. पण आता रोख मागणारी बाई आगाऊ ठरत नव्हती, हक्काचं मागत होती.

हेरिंगच्या मागे चालणाऱ्या पोरी

लेर्विकमध्येच आपल्याला आणखी एक मोठी टोळी भेटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या हजारो बायका दर वर्षी हेरिंगच्या मागे प्रवास करत. उन्हाळ्यात शेटलंड, मग स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदरं, आणि शरद ऋतूत इंग्लंडमधलं ग्रेट यारमथ. मासा किनाऱ्याने खाली सरके तशा त्याही सरकत. त्यांच्यासाठी खास रेल्वेगाड्या सुटत. प्रत्येकीची एक लाकडी पेटी, तिच्यात कपडे, चाकू, विणकाम. काही जणी जेमतेम पंधरा वर्षांच्या.

तिघींचा एक जथा असे. दोघी मासा साफ करत, तिसरी पिंपात रचत. पिंप खोल, म्हणून रचणारी उंच बघून घेत. छोट्या धारदार चाकूने एका झटक्यात आतडी बाहेर, आणि त्याच झटक्यात मासा आकाराप्रमाणे योग्य टोपात. हाताचा सराव इतका की मिनिटाला साठ मासे. चाकू लागू नये म्हणून प्रत्येक बोटाला चिंधी गुंडाळायची. तरी कापायचंच, आणि कापल्यावर मीठ भरायचं. मिठाने बोटांना भोकं पडत. धक्क्याजवळ चर्चच्या बायका मलमपट्टीला बसलेल्या असत.

मोसमाआधी मुकादम गावात येऊन थोडे पैसे हातावर ठेवी. ते घेतले की पूर्ण मोसम त्याच्याकडे बांधली गेली. उचल म्हणजे काय, हे तुम्हाला मी समजावून सांगायला नको. मजुरी भरलेल्या पिंपावर, आणि ती तिघींत वाटायची. वादळामुळे बोटी आल्या नाहीत तर कमाई बुडाली.

पण या पद्धतीत एक ताकदही दडलेली होती. मासा थांबत नाही. तो साफ झाला नाही तर दुसऱ्या दिवशी फेकावा लागतो. व्यापाऱ्याकडे मीठ आहे, पिंपं आहेत, जहाज उभं आहे, पण चाकू या पोरींच्या हातात आहे. हे त्यांना माहीत होतं. १९३६ मध्ये ग्रेट यारमथला त्यांनी चाकू खाली ठेवले. पिंपामागचा दर वाढवा, ही मागणी. धक्क्यावर पोलीस आणले गेले. हजारो बायका गटागटाने फिरून, अजून कामावर असलेल्या जथ्यांना बाहेर काढत होत्या. शेवटी दर वाढला. त्यांच्याकडे मोठा पुढारी नव्हता. तिघी-तिघींचे जथे होते, एकाच खोलीत झोपणाऱ्या, एकाच पिंपावर काम करणाऱ्या, एकमेकींवर विश्वास असलेल्या.

चौथं बंदर : सिग्लुफ्योर्दुर

आता आइसलंड. ज्वालामुखी आणि बर्फ यांचा देश, माणसं आजही चार लाखांच्या आत. त्याच्या उत्तर टोकाला डोंगरात लपलेलं सिग्लुफ्योर्दुर हे छोटं गाव आहे. १९०३ मध्ये नॉर्वेच्या कोळ्यांनी इथे हेरिंगचा धंदा सुरू केला आणि बघता बघता गावाचं बंदर झालं. काही वर्षी तर देशाच्या निर्यातीतला पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त एकट्या हेरिंगचा असायचा.

पिंपं भरायच्या बायकाच. उन्हाळ्यात देशभरातून पोरी इथे येत आणि धक्क्यावरच्या लाकडी घरांत दाटीवाटीने राहत. बोट रात्री दोनला आली तर रात्री दोनला दारावर थाप. पोरंबाळं असलेली बाई पोरांना घेऊनच धक्क्यावर येई.

इथली मोजायची पद्धत मला फार आवडते. एक पिंप भरलं की बाईला धातूचा एक छोटा बिल्ला मिळे. हात मिठाने माखलेले, खिशात हात घालायला वेळ नाही. म्हणून तो बिल्ला तिच्या बुटात टाकत. काम संपलं की बूट पालथा करायचा आणि बिल्ले मोजायचे. जितके बिल्ले तितकी पिंपं. मुकादमाची वही काहीही म्हणो, बाईचा हिशोब तिच्या बुटात होता. पायाला टोचत असेल, पण खोटा ठरवता येत नव्हता.

१९६८ च्या सुमारास हेरिंग संपला. मोठ्या जाळ्यांनी, मोठ्या यंत्रांनी इतका उपसला की समुद्र रिकामा झाला. गाव ओस पडलं. आज तिथे हेरिंगचं संग्रहालय आहे. बायका जिथे राहत ते घर जसंच्या तसं ठेवलं आहे. उन्हाळ्यात पर्यटकांसाठी धक्क्यावर मासा खारवून दाखवतात. भावासाठी भांडून भाव मिळाला, तरी मासाच उरला नाही तर काय, हा प्रश्न या बंदराने मागे ठेवला आहे. नदी, खाडी, समुद्र यांच्यावर ज्यांचं पोट आहे, त्यांना तो वेगळा सांगावा लागत नाही.

शेवटचं बंदर : रेक्याविक

आइसलंडची राजधानी रेक्याविक. बोटीवरून उतरलेले प्रवासी खरेदीला ज्या मुख्य रस्त्यावर जातात त्याचं नाव लौगावेगुर. अर्थ, गरम झऱ्यांची वाट. गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर जमिनीतून उकळतं पाणी वर येतं. शहरातल्या बायका, त्यातही मोलकरणी, कपड्यांची ओझी पाठीवर घेऊन बर्फातून, वाऱ्यातून तिथे धुवायला जात. येताना ओल्या कपड्यांचं ओझं दुप्पट. काही जणी त्या उकळत्या पाण्यात पडून मेल्या. त्यानंतर झऱ्यांवर लोखंडी गज बसवले. बायकांच्या एका मंडळाने तिथे आडोशाला घर बांधून दिलं. पुढे १९३० मध्ये त्याच झऱ्यांचं पाणी नळाने शहरात आणून शाळा, दवाखाना आणि घरं गरम करायला सुरुवात झाली. आज ज्या रस्त्यावर दुकानं झगमगतात, तो मुळात धुणेवाल्यांची पायवाट होता.

याच शहरात खारवलेला कॉड धुणाऱ्या आणि दगडांवर वाळत घालणाऱ्या बायका होत्या. पुरुषांपेक्षा मजुरी खूप कमी. १९१४ मध्ये त्यांनी आपली संघटना काढली, फ्रामसोक्न. आइसलंडमधली ती बायकांची पहिली कामगार संघटना. पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, चाळिशी पार केलेल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला.

आणि मग २४ ऑक्टोबर १९७५. त्या दिवशी आइसलंडमधल्या जवळजवळ नव्वद टक्के बायकांनी काम केलं नाही. कारखान्यातलं नाही आणि घरातलंही नाही. ‘संप’ म्हटलं तर काही जणी बिचकतील, म्हणून नाव दिलं ‘बायकांची सुट्टी’. मासळीचे कारखाने, बालवाड्या बंद पडल्या, फोन जोडणाऱ्या बायका नाहीत म्हणून फोन बंद. बाप पोरांना घेऊन कचेरीत गेले. लवकर शिजतात म्हणून दुकानातले सॉसेज संपले! रेक्याविकच्या चौकात पंचवीस हजार बायका जमल्या, तेव्हा सबंध देशाची लोकसंख्या दोन लाख वीस हजारांच्या आसपास होती. व्यासपीठावर बोलणाऱ्यांत सगळ्यात कमी पगारावर राबणाऱ्या बायकांच्या संघटनेची पुढारीही होती.

पुढच्या वर्षी समान हक्काचा कायदा झाला. १९८० मध्ये विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. थेट लोकांच्या मतांनी निवडून आलेल्या त्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. २०२३ मध्ये आइसलंडच्या बायकांनी पुन्हा एकदा २४ ऑक्टोबरला काम थांबवलं, कारण मजुरीतला फरक अजून मिटलेला नाही. त्या वेळी पंतप्रधान एक बाईच होत्या आणि त्याही सुट्टीवर गेल्या.

इथे आपला प्रवास संपला. ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांसाठी बायका मासा खारवत होत्या, पण त्यांचं नाव कुठेच नव्हतं. लेर्विकच्या विणकरणींचे जबाब छापले गेले. यारमथच्या पोरींनी चाकू खाली ठेवून दर वाढवला. सिग्लुफ्योर्दुरच्या बायकांचा हिशोब त्यांच्याच बुटात होता. आणि रेक्याविकच्या बायकांनी एक दिवस हात थांबवून दाखवलं की देश कशावर चालतो. ही सगळी वाट चालायला सहाशे वर्षं लागली.

पुढच्या बैठकीत एक करा. गटातल्या प्रत्येकीने सांगायचं : माझा माल कोण मोजतं, कोणाच्या काट्यावर, आणि त्याची नोंद माझ्याजवळ आहे का? दूध असो, भाजी असो, पापड असो की सुकी मासळी. जिच्याजवळ नोंद नसेल तिला तिथेच एक वही द्या. लिहिता येत नसेल तर पिंपामागे एक बिल्ला, तसा पाटीमागे एक चिंचोका डब्यात टाकला तरी चालतो. महिनाअखेरीला चिंचोके आणि व्यापाऱ्याची वही समोरासमोर ठेवा, आणि काय निघालं ते आम्हाला नक्की कळवा.